मोरबाबूंची खूण

"मागे बिशू, पुढे बाबा," हरेन पुटपुटला आणि सुकाणू त्याने जेमतेम चार बोटं फिरवलं.

मला वाटलं, आपण देवाचं नाव घेतो तशी हा घरच्यांची नावं घेतोय. डाव्या हाताला लाट फुटत होती, उजव्या हाताला फुटत होती, आणि मधल्या जेमतेम दोन बैलगाड्यांच्या रुंदीतून आमची डोंगी आत शिरली. इंजिनाच्या लाकडी होडीला तिकडे डोंगीच म्हणतात. आत शिरल्याबरोबर पाणी असं गप्प झालं, की मी मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले आणि मोरेश्वर हसला. तळातली वाळू दिसत होती, माशांच्या सावल्या दिसत होत्या. समोर अर्ध्या कोसाचं ते रिकामं बेट. शंखटापू म्हणायचे त्याला.

ही सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा संगमनेरला एका शाळेत खेळाची शिक्षिका होते. मोरेश्वर पोस्टात. आमचं लग्न जमलं ते गडावर, त्यामुळे अहो-जाहो आम्हाला कधी जमलंच नाही. दर रविवारी आमचा गट कुठल्यातरी किल्ल्यावर जायचा आणि येताना पोतंभर कचरा घेऊन उतरायचा. बाटल्या, पिशव्या, झाडांना बांधलेली फडकी. गटाची म्होरकी मी. शिट्टी माझ्या गळ्यात. माझ्यापुढे कोणी बोलायचं नाही, आणि मोरेश्वर तर मुळातच बोलायचा नाही.

त्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघंच पाठीला सॅक लावून अंदमानात फिरत होतो. आज या बेटावर, उद्या त्या. मिळेल तिथे जेवायचं, मिळेल त्या होडीत बसायचं. हरेन मंडल आम्हाला एका धक्क्यावर भेटला. पन्नाशीला टेकलेला बंगाली मच्छीमार, काटक, हिंदी त्याची वेगळीच. मी आपल्या भाषेत सांगते. सकाळी निघताना त्याची चार वर्षांची मुलगी, पुतुल, धक्क्यावर उभी राहून भोकाड पसरत होती. तिलाही यायचं होतं. "उशिरा झालेली आहे ना, डोक्यावर बसलीय," हरेन म्हणाला. आई बाळंतपणात गेलेली. घरात हा आणि ती, तिसरं कोणी नाही. शेजारणीने तिला उचलून आत नेलं तरी तिचं रडणं बराच वेळ ऐकू येत होतं.

आम्हाला वाळूवर उतरवून तो म्हणाला, "मी बाहेर गळ टाकून येतो. तीनला येईन. तीनच्या पुढे ओहोटी लागते, मग खडकातून वाट नाही. तयार राहा. आणि इथलं काही हलवू नका, दीदी."

"अहो, आम्ही शिंपल्यालासुद्धा हात लावत नाही," मी म्हणाले. अगदी मास्तरणीच्या आवाजात.

तो गेला. आणि मी वळून किनारा पाहिला.

काय सांगू! समुद्राने जगाचा कचरा तिथे आणून टाकला होता. चपला, बाटल्या, जाळ्यांचे तुकडे, कुठल्या कुठल्या लिपीतले डबे. माझं डोकंच फिरलं. एवढं सुंदर बेट आणि ही दशा? सॅकमध्ये दोन रिकामी पोती होतीच, ती मी कुठेही घेऊन जायची. मोरेश्वरला म्हटलं, "चल, कामाला लाग."

"शरू, सुट्टी आहे," तो म्हणाला.

"सुट्टी आहे म्हणूनच."

दोन तासांत एक पोतं भरलं. मग मला पाण्याच्या कडेला वाळूत रोवलेला बांबू दिसला. त्याच्या टोकाला तेलाचा पिवळा कॅन उपडा घातलेला. आणि त्याच्या मागे, वर झाडीत, एका उंच वाळक्या झाडाच्या बेचक्यात लाल डबा निळ्या दोरीने बांधलेला.

"बघ, लोक काय करतात! सहलीला येतात आणि झाडांवर डबे टांगून जातात."

मोरेश्वर बांबूपाशी जाऊन उभा राहिला. त्याने कॅन हलवून पाहिला. "हे मुद्दाम लावलेलं दिसतंय."

"गडावर नवसाची फडकी मुद्दामच बांधलेली असतात. काढतो ना आपण?"

"तरी पण. त्याने सांगितलं होतं, काही हलवू नका."

"ते शंखांबद्दल रे! तुला ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे. मदत करायची तर कर, नाहीतर बस बाजूला."

तो खरंच बसला बाजूला. बांबूजवळच्या एका दगडावर, माझ्याकडे पाठ करून. रुसला की तो असाच बसायचा. मी बांबू हलवून हलवून उपटला. पोती खांद्यावर न्यायला बरा पडेल म्हणून ठेवला. मग बूट काढून त्या झाडावर चढले. तांबड्या मुंग्यांनी झाड नुसतं भरलेलं होतं. मांड्यांना, मानेला, जिथे मिळेल तिथे चावल्या. पण मी कुणाला ऐकतेय? दोरी सुटेना. गाठ अशी मारली होती की नख शिरत नव्हतं. चाकूने कापली, डबा खाली टाकला, आणि दोरीचा गाठीचा तुकडा खाली कशाला टाकायचा म्हणून विजारीच्या खिशात कोंबला.

दुपारी अडीचला दोन्ही पोती तोंडं बांधून तयार होती. किनारा नुकता झाडलेल्या अंगणासारखा झाला होता. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

तेवढ्यात आभाळ भरून आलं. नैऋत्येकडून काळी भिंतच्या भिंत सरकत आली आणि बाहेरच्या खडकावर लाटा अशा फुटायला लागल्या की बोललेलं ऐकू येईना. मग डोंगी दिसली. हरेन एकटा, उभा राहून सुकाणू धरलेला. पाठीमागे वादळ. मोठ्या बेटावर परत जायला दीड तास लागणार, तेवढी सवड त्याला नव्हतीच. वाचायचं तर त्याला आत, आमच्याकडे यायला हवं होतं.

तो खडकाजवळ आला आणि वळला. पुन्हा आला, पुन्हा वळला.

"अरे, करतोय काय हा?" मी ओरडले. "सकाळी तर डोळे झाकून शिरला होता!"

तो डाव्या बाजूला गेला, कपाळावर हात धरून किनाऱ्याकडे पाहत राहिला. मग उजवीकडे. एका लाटेने डोंगी आडवी फिरवली तेव्हा तो खाली पडला, पुन्हा उभा राहिला. किनाऱ्याकडेच पाहत होता.

"शरू," मोरेश्वर म्हणाला, "तो काहीतरी शोधतोय."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने त्या बांबूकडे पाहिलं. दोन पोत्यांच्या मधून ओवलेला बांबू.

मागे बिशू, पुढे बाबा.

मी वर झाडीकडे पाहिलं. मागचा डबा आणि पुढचा कॅन एकाच्या मागे एक आले, की तीच वाट. त्या रेषेत डोंगी सरळ ठेवायची, की खडकातल्या फटीतून आत. एवढ्याच खुणांवर तो माणूस आयुष्यभर आत येत होता, आणि मी त्या साफ करून टाकल्या होत्या.

"पोती फोड!" मी किंचाळले.

तोंडाची दोरी मीच अशी गच्च बांधली होती की सुटेना. चाकू मारला. बाटल्या, चपला, डबे भसाभस वाळूवर. पिवळा कॅन मिळाला, लाल डबा मिळेना. हात चिरला, रक्त कुठून येतंय तेही कळेना. शेवटी तळाशी सापडला.

"बांबू कुठे होता?" मी विचारलं. वाळूवर काही म्हणजे काही खूण नव्हती. लाटांनी खळगा कधीच पुसून टाकला होता. "मोरेश्वर, कुठे होता रे? दोन हात इकडचा तिकडे झाला तरी तो खडकावर जाईल!"

"मला माहितीय."

"कसं माहितीय?"

"मी तिथेच तुझ्यावर रुसून बसलो होतो ना," तो म्हणाला. "तो दगड. मधोमध चीर असलेला. बांबू माझ्या उजव्या गुडघ्याला लागत होता. तू जा, झाडावर चढ."

त्याने बांबूला कॅन घातला आणि निघाला. दगडाजवळ बांबू पुन्हा रोवला तो ठरेना, लाटा तिथवर येत होत्या. मग त्याने तो छातीशी धरला, डोक्यावर उंच केला, आणि दगडाला उजवा गुडघा टेकवून तसाच उभा राहिला. लाट कमरेपर्यंत येत होती. आता हेही सांगायला हवं की मोरेश्वरला पोहता येत नव्हतं. प्रवरेत मी त्याला दोन उन्हाळे शिकवायचा प्रयत्न केला होता आणि सोडून दिला होता.

मी झाडीत पळाले. पण झाड कुठलं? वाळकी झाडं चार होती, खालून सगळी सारखी. मी वेड्यासारखी एकाला हात लावला, दुसऱ्याला लावला. तिसऱ्याला हात लावल्याबरोबर कडकडून चावा बसला. मुंग्या! आयुष्यात मुंग्यांचा इतका आनंद मला कधी झाला नाही. चढले. बेचक्यात उभी राहिले, डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि समोर पाहिलं.

खाली, बरोबर माझ्यासमोर, माझा नवरा. त्याच्यापलीकडे फेस. फेसापलीकडे तो एकटा माणूस.

मुंग्या चढत होत्या. मानेवर, कानात, पापण्यांवर. हात हलवला तर डबा हलणार. मी जोरजोरात रडत होते आणि डबा घट्ट धरून होते. एक मोठी लाट आली. मोरेश्वर दिसेनासा झाला. फक्त पिवळा कॅन वर. लाट ओसरली, तो तिथेच. खोकत होता, पण दगड सोडला नव्हता. दुसरी लाट आली. पुन्हा फक्त कॅन. मी ओरडत होते, "मागे हो! मोरेश्वर, मागे हो!" आणि त्याच वेळी मनात म्हणत होते, हलू नकोस, देवा, त्याला हलू देऊ नकोस. दोन्ही मीच म्हणत होते.

हरेनने ते पाहिलं. डोंगी एकदम सरळ झाली. नाक आमच्याकडे. इंजिनाचा आवाज चढला आणि तो त्या फेसात शिरला. खर्रकन् लाकूड घासल्याचा आवाज मला झाडावर ऐकू आला. माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा डोंगी आत होती आणि हरेन उडी मारून मोरेश्वरला काखेत धरून वाळूवर ओढत होता.

मी उतरले, खरचटत, धडपडत. मोरेश्वर उपडा पडून खारं पाणी ओकत होता. हरेन आधी माझ्याकडे बघत नव्हताच. तो त्या विसकटलेल्या कचऱ्याकडे बघत होता, फाडलेल्या पोत्यांकडे, लाल डब्याकडे. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"कोणी काढलं?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं.

"मी," मोरेश्वर म्हणाला. अजून नीट श्वासही येत नव्हता त्याला. "मला वाटलं, कचरा आहे. चूक झाली."

हरेनने त्याची कॉलर धरली, उभं केलं आणि हात उगारला. मारला नाही. तो हात तसाच राहिला आणि मग त्याने कॉलर सोडली. "माझी पोर घरी आहे," तो म्हणाला. "तिला दुसरं कोणी नाही. कळतं का तुम्हाला?"

"कळतं," मोरेश्वर म्हणाला.

मी काय केलं? मी तिथे उभी होते, अंगभर गांधी उठलेल्या, आणि गप्प होते. एरवी शंभर पोरांपुढे शिट्टी फुंकणारी बाई.  आता सांगते, मग सांगते, असं म्हणत गेले आणि ती वेळ निघून गेली.

हरेनने लाल डबा उचलला. उलटसुलट करून पाहिला. "गाठ कुठे आहे?"

"काय?"

"बिशूची गाठ. धाकटा भाऊ माझा. अकरा वर्षं झाली समुद्रात गेला, मिळाला नाही. ही खूण त्याने बांधली होती. गाठ त्याच्या हातची होती. मी येता-जाता चढून बोट लावून यायचो." तो गुडघ्यांवर बसला आणि त्या कचऱ्यात हात घालून शोधायला लागला. बाटल्या बाजूला करत होता, वाळू चाळत होता. मोरेश्वरही त्याच्या शेजारी बसून शोधायला लागला.

आणि गाठ माझ्या खिशात. माझा हात त्यावर. काढून दिली असती तर? तर ती माझ्या खिशात कशी आली, हे सांगावं लागलं असतं. मोरेश्वर खोटा पडला असता, आणि मी उघडी. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला तासभर वाळू चाळू दिली.

त्या दिवशी निघणं झालंच नाही. पाणी उतरलं होतं. रात्र आम्ही तिथेच ताडपत्रीखाली काढली. हरेनने मासे भाजले, आम्हाला वाढले आणि स्वतः लांब बसून खाल्ले. सकाळी भरतीला त्याने बांबू मोरेश्वरच्या हातात दिला.

"आमच्याकडे रीत आहे. ज्याने खूण काढली, त्यानेच लावायची. आणि लावणाऱ्याचं नाव त्या खुणेला. पुढची माझ्या बाबांची होती. आता तुमची. मागची मी बांधतो, पण तिला बिशूच म्हणणार. नाव काय तुमचं?"

"मोरेश्वर."

"मोरबाबू," हरेन म्हणाला. त्याला तेवढंच जमलं.

मोरेश्वरने बांबू रोवला, दगड रचून भक्कम केला. आम्ही निघालो. खडकातून बाहेर पडताना हरेनने मागे वळून दोन्ही खुणा जुळवल्या आणि पुटपुटला, "मागे बिशू, पुढे मोरबाबू." धक्क्यावर पुतुल शेजारणीच्या कडेवर होती. रात्रभर झोपली नव्हती म्हणे. बापाला पाहून तिने आधी त्याला चापट मारली आणि मग गळ्याला मिठी मारली.

परतीच्या जहाजावर मी मोरेश्वरला म्हटलं, "मी त्याला पत्र लिहून सगळं सांगते."

"लिही," तो म्हणाला. यावर तो पुन्हा कधीही काही बोलला नाही.

घरी आल्यावर विजार धुवायला काढताना त्यालाच ती गाठ सापडली. मला वाटलं, आता हा विचारणार. विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कपाटाच्या खणात एक जाड पाकीट होतं. आत निळ्या दोरीचा तुकडा. वर त्याच्या सुवाच्य पोस्टी अक्षरात हरेन मंडलचा पत्ता, आणि तिकिटं लावलेली. तोंड मात्र उघडं. आत चिठ्ठी घालायला जागा ठेवलेली.

मी चिठ्ठी घातली नाही. या आठवड्यात नाही तर पुढच्या, असं करत वर्षं गेली. टपालाचा दर वाढला की तो गपचूप त्या पाकिटावर आणखी एक तिकीट चिकटवायचा. कधी टोकलं नाही, कधी टोमणा मारला नाही. नुसतं एक तिकीट. मी खण उघडला की ते नवं तिकीट दिसायचं आणि मी खण बंद करायची. रागही यायचा मला त्याचा! भांडला असता तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी श्रावणात मोरेश्वर गेला. तेराव्यानंतर मी खण उघडला. पाकिटावर तिकिटांना जागा उरली नव्हती, शेवटची दोन मागच्या बाजूला लावलेली होती. मी तिथेच फरशीवर बसले आणि हिंदीत चार ओळी लिहिल्या. गाठ मी कापली. खुणा मी काढल्या. माझ्या नवऱ्याने मला अडवलं होतं. गाठ तुम्ही शोधत होता तेव्हा ती माझ्या खिशात होती. खाली नाव, फोन नंबर. पाकीट बंद केलं आणि त्याच पोस्टात जाऊन टाकलं, जिथे तो तीस वर्षं बसला होता.

दीड महिन्याने फोन आला. बाईचा आवाज, मागे इंजिन.

"शरयूदीदी? मी पुतुल. हरेन मंडलची मुलगी. डोंगी आता मी चालवते."

"बाबा?"

"बाबा सहा वर्षांपूर्वी गेले."

 सहा वर्षं. त्यातली अडीच तर मी निवृत्त होऊन घरातच बसून होते, खणापासून चार पावलांवर.

"गाठ मिळाली," ती म्हणाली. "मी झाडावर नेऊन लावली. नवीन झाड आहे आता, पण जागा तीच. काकांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातचं काहीतरी पाहिलं." तिने इंजिन बंद केलं. "रागवायचं ठरवलं होतं तुमच्यावर. कालपर्यंत रागावलेही होते."

"रागाव. रागावलंच पाहिजेस."

"एक विचारायचं होतं. आमच्याकडे सगळ्या डोंग्या अजून 'पुढे मोरबाबू' म्हणूनच आत जातात. पण काढली तुम्ही. रीत अशी आहे की ज्याने काढली त्यानेच लावायची, आणि नावही त्याचंच. मग नाव बदलू का, दीदी? तुमचं लावू?"

मला तो दगड दिसला. मधोमध चीर असलेला. त्याला टेकवलेला गुडघा, आणि लाटेवर नुसता पिवळा कॅन.

"नको गं," मी म्हणाले. "काढली मी. उभा तो होता."